लाईट गेली म्हणजे नेमकं काय गेलं

लाईनमनला येणारी सगळ्यात निरुपयोगी तक्रार कोणती, असं कोणी विचारलं तर मी सांगेन, "लाईट न्हाई." आणि नोकरीची सगळी हयात माझ्या कानावर हीच तक्रार पडली. आजारी माणसानं डॉक्टरपुढं बसून नुसतं "बरं न्हाई" म्हणावं, तसं ते. पोट बरं नाही की पाय, हे डॉक्टरनं आपलं शोधत बसायचं. फोन आला की मी विचारायचो, "लाईट न्हाई म्हणजे नेमकं काय न्हाई?" समोरचा वैतागायचा. "ओ मामा, लाईट न्हाई म्हंजी लाईट न्हाई! येता का वरच्या सायबाला फोन लावू?"

लोकांना वाटायचं मी टाळाटाळ करतोय. मला खरंच जाणून घ्यायचं असायचं. माझं इंग्रजी आयटीआयच्या पुस्तकापुरतं. त्यात लाईट म्हणजे उजेड, एवढंच. पण धारूरच्या डोंगरपट्ट्यात वाड्या-वस्त्यांवर फिरायला लागलो आणि ध्यानात आलं, की आमच्याकडं उजेड हा या शब्दाचा सगळ्यात शेवटचा अर्थ आहे. तिथून मला तो शब्द गोळा करायचा नादच लागला.

एका शेतवस्तीवरून सारखे फोन येत होते. लाईट नाही, लाईट नाही. गाडी काढून गेलो तर घरात बल्ब लख्ख पेटलेला आणि घरधनीण टीव्हीपुढं शेंगा फोडत बसलेली. मी नवऱ्याला म्हटलं, "अहो, बल्ब तर लागलाय की."

"बल्ब लागलाय हो," तो म्हणाला, "पर लाईट कुठंय?"

बायको आतून ओरडली, "सकाळधरनं सांगायले मी ह्यांना, लाईट हाय म्हणून. पटतच न्हाई!"

गोष्ट अशी, की विहिरीवरच्या मोटारीला तीन तारा लागतात आणि बल्बाला एक पुरते. तिन्हींतली एक तुटली की मोटार बसते, घरातलं मात्र सगळं चालू राहतं. त्याच्या हिशेबी लाईट म्हणजे मोटार, तिच्या हिशेबी टीव्ही. दोघं माझ्याकडं बघायला लागले, कोण खरं ते सांगा म्हणून. मी म्हटलं, दोघंही खरं. न्याय दोघांच्याही बाजूनं दिला की चहा कोणीच देत नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

पुढं पुढं मी लाईट या शब्दाकडं लक्ष द्यायचं सोडून दिलं आणि त्याच्या मागून काय येतं ते ऐकायला लागलो. काही दिवस माझी बदली मांजरसुंब्याकडं होती. तिथला एक ढाबेवाला सांगायचा, "लाईट बारीक झालीय." म्हणजे दाब कमी, पंखा रेंगाळतोय. कोणी म्हणायचं, "लाईट खेळायलीय." म्हणजे कुठंतरी जोड ढिला. "लाईट लई जोरात आलीय" असं कोणी म्हटलं, की मी आधी "सगळी बटनं बंद करा" असं ओरडायचो आणि मग गाडीला किक मारायचो, कारण त्यात टीव्ही-फ्रिज जळायची गत असते. "लाईट मारायलीय" म्हटलं तर भिंत ओली आहे. एका आजीबाईनं तर एकदा "लाईट रुसलीय" म्हणून सांगितलं. तिच्याकडं गेलो तर मुलानंच मेन स्विच पाडून ठेवला होता, म्हातारी रात्रंदिवस पंखा चालवते म्हणून. म्हातारीला कारण ठाऊक होतं. मुलाचं नाव सांगायचं नव्हतं, एवढंच.

आणि नोकरीबाहेर हा शब्द कुठं कुठं भेटावा! लग्नात मंडपवाला म्हणजे लाईटवाला. टपरीवर लाईट म्हणजे कमी पत्तीचा चहा. माझी मुलगी अंबाजोगाईला सिस्टर आहे. ती फोनवर बजावते, "आप्पा, रात्री लाईट जेवत जा." कॉलेजातल्या पोरांवर मी तापलो की ती म्हणतात, "लाईट घ्या ना मामा." आम्ही जन्मभर दुसऱ्यांना लाईट दिली, आम्हाला मात्र ती कधी घेता आली नाही.

या शब्दाची भावंडंही पुष्कळ. माझ्या जोडीला बाबूभाई म्हणून लाईनमन होते, ते बत्ती म्हणायचे. साहेब लोक सप्लाय म्हणायचे. वीज हा शब्द पेपरात छापून यायचा, नाहीतर आभाळातून पडायचा. रोजच्या बोलण्यात तो नव्हताच. आणि एक शब्द होता करंट. त्याची गंमत मला फार उशिरा उमगली, आणि ती गंमत म्हणण्यासारखी नाही. "लाईट लागून माणूस गेला" असं आमच्याकडं कोणीच म्हणत नाही. माणूस जातो तो करंट लागून. उपयोगाला येते ती लाईट, जीव घेतो तो करंट. तारेत वाहतं ते एकच, पण लोकांनी त्याची दोन माणसं करून टाकली आहेत, एक घरातलं आणि एक वैरी. म्हणून "लाईट गेली" म्हटलं की लोकांना वाटतं, आता वैरीही गेला.

हे समजून घेतल्याशिवाय पुढचं सांगता येणार नाही. आमच्याकडं लाईट गेली की लोक घरात बसून राहत नाहीत, कामाला लागतात. ट्रान्सफॉर्मरला सगळे डीपी म्हणतात. एरवी त्या डीपीच्या वाऱ्याला कोणी उभं राहत नाही. पण लाईट गेली की कोणीतरी पक्कड घेऊन वर चढतो. कोणाला तारेवर चोरून टाकलेला आकडा नीट करायचा असतो, कोणाला फ्यूजची तार बदलायची असते. "न्हाई तोवर करून घ्यू," असा साधा हिशेब. चढणारा मूर्ख नसतो. त्याला त्याचा अर्थ पक्का ठाऊक असतो. लाईट नाही म्हणजे सवड आहे.

आमचा अर्थ वेगळा. खांबावर चढण्याआधी आम्ही सबस्टेशनातल्या ऑपरेटरकडून परमिट घेतो. ऑपरेटर लाईन बंद करतो आणि ती परमिट घेणाऱ्याच्या नावावर करतो. मग आम्ही तारांवर साखळी टाकतो, तिचं दुसरं टोक जमिनीत पुरतो, चुकून करंट आलाच तर तो जमिनीत जावा म्हणून, तेव्हा कुठं तारेला हात लावतो. काम संपलं की साखळी काढायची, सगळी माणसं खाली आली का बघायचं आणि परमिट परत करायचं. ज्यानं परमिट घेतलं त्यानंच, स्वतःच्या आवाजात. मधे साहेबाचा फोन आला, पुढाऱ्याचा आला, तरी ऑपरेटर स्विचला हात लावत नाही. आमच्या धंद्यात याच्याइतकी पवित्र गोष्ट दुसरी नाही.

त्यात मी माझी एक पुस्ती जोडली होती. परमिट परत करण्याआधी मी त्या लाईनीवरच्या प्रत्येक गावात एक फोन करायचो. बहुतेक पिठाच्या गिरणीवाल्याला, कारण लाईट गेल्यावर गिरणीवाला हटकून ओट्यावर बसलेला असतो आणि त्याला सगळं दिसतं. "डीपीवर कोणी न्हाई ना?" एवढंच विचारायचं. आणि तिथंही माझा एक हट्ट. "नसंल कोण" हे उत्तर मला चालायचं नाही. उठून बघ आणि मग सांग. बाबूभाई हसायचे. म्हणायचे, "मामू, तुम लाईनमन हो के चौकीदार?"

माझ्याकडच्या एका लाईनीच्या टोकाला, एका वस्तीवर सोजरबाई राहायच्या. आमच्याच समाजातल्या, नात्यानं लांबच्या, म्हणून मला भाऊ म्हणायच्या. त्यांचे मालक, किसनतात्या, तरुणपणी खडीकेंद्रावर कामाला होते. दगडाच्या पिठानं छातीचा भाता झिजून गेला होता. अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी घरी ऑक्सिजनचं मशीन लावायला सांगितलं. मशीन लाईटवर चालायचं. लाईट गेली की उशाला एक लहान सिलेंडर, तेवढाच आधार.

सोजरबाईंनी मला कधी "लाईट गेली" म्हणून फोन केला नाही. त्या म्हणायच्या, "भाऊ, हवा गेली."

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी माझ्या सवयीनं विचारलं, "हवा म्हणजे?" त्या म्हणाल्या, "आवो, ह्यांची हवा. मशीन बंद पडलं." बल्ब, पंखा, मोबाईल चार्जिंग, त्यांच्या बोलण्यात यातलं काही नसायचं. इतके अर्थ गोळा केले, पण हा अर्थ मला कोणी सांगितला नव्हता. तेव्हापासून काम निघालं की मी आधी त्यांना फोन करून ठेवायचो, सिलेंडर भरून ठेवा म्हणून.

पण वादळ सांगून येत नाही. उन्हाळ्याच्या शेवटाला एका दुपारी असा वारा सुटला, की पत्रे उडाले. घाटाच्या तोंडाशी बाभळीचं झाड आमच्या लाईनीवर पडलं आणि तार तुटली. मी परमिट घेतलं. सबस्टेशनात सुनीता म्हणून ऑपरेटर होती, नोकरीत नवी पण कामाला चोख. आम्ही साखळी टाकली, झाड तोडायला लागलो, आणि फोन वाजला.

"भाऊ, हवा गेली."

"ताई, तार तुटलीय. सिलेंडर लावला का?"

"लावलाय. पर भरलेला न्हाई हो. काटा अर्ध्याच्या खाली हाय."

"विलास कुठंय?" विलास त्यांचा मुलगा. ट्रॅक्टर चालवायचा, घरात लेकरंबाळं.

"धारूरला गेलाय, दुसरा सिलेंडर आणाया. तुमी लवकर करा."

आम्ही घाई केली. घाई म्हणजे आमच्या कामात जितकी करता येते तितकी. फांद्या तोडल्या, तार ओढली, जोड मारला. मधे सोजरबाईंचा आणखी एक फोन आला. काटा तांबड्या पट्ट्याकडं चाललाय म्हणाल्या. मागं तात्यांचा श्वास ऐकू येत होता, करवतीनं ओलं लाकूड कापावं तसा.

बाबूभाई खाली उतरले. साखळी काढली. आता माझा एक फोन, आणि सुनीता स्विच टाकणार. पण मी आधी गिरणीवाल्यांना लावायला लागलो. एक म्हणाला बघतो, बघून आला, कोणी नाही. दुसऱ्याचंही तसंच. सोजरबाईंच्या वस्तीचा गिरणीवाला फोन उचलेना. पुन्हा लावला. वाजून वाजून बंद.

सुनीताचाच फोन आला. "काका, काम झालं का? वरनं सारखे फोन येतायत."

"काम झालंय. थांब जरा. मी सांगेपर्यंत हात लावू नकोस."

"न्हाई लावत, काका."

मग मी सोजरबाईंना लावला. "ताई, तुमच्या डीपीवर कोणी चढलंय का?"

"कोण न्हाई भाऊ."

"बघितलं का तुमी?"

"आता ह्यांना सोडून कुठं बघाया जाऊ?" त्यांचा आवाज फाटला. "डीपी काय दारात हाय का? वढ्यापलीकडं हाय. म्या सांगते ना, कोण न्हाई! सोडा. पाया पडते तुमच्या, सोडा!"

बाबूभाई माझ्या तोंडाकडं बघत होते. रोज हसणारा माणूस, पण त्या दिवशी त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "मामू, छोड डालो. बुढ्ढा मर जायेगा. कौन चढेगा इतनी हवा में?"

त्यांचं बरोबर होतं. चढायला वेड लागलेलं असलं पाहिजे. एका बाजूला मरायला टेकलेला माणूस, त्याचा श्वास मी ऐकलेला. दुसऱ्या बाजूला एक माणूस, जो बहुतेक नव्हताच. लाईट सोडली असती तर मला कोणीही दोष दिला नसता. मी आजही ठामपणे सांगू शकत नाही, की मी का थांबलो. सवय म्हणा, हट्ट म्हणा. मी गाडीला किक मारली. बाबूभाई शिव्या देत मागं बसले.

रस्ता म्हणजे बैलगाडीची चाकोरी. खिशात फोन वाजत होता, मी उचलला नाही. ओढ्याच्या अलीकडं चढावर आलो आणि डीपी दिसली. खांबावर माणूस होता.

वारा अजून होता. तो एका हातानं लोखंडाला धरून दुसऱ्या हातानं वरच्या फ्यूजची तार गुंडाळत होता. मी ओरडलो. त्याला ऐकू गेलं नाही. जवळ गेल्यावर बाबूभाईंनी खालून खडा मारला तेव्हा त्यानं मान वळवली. विलास होता.

"उतर बे!" बाबूभाई किंचाळले.

"आवो लाईट न्हाई ना, मामा!" तो मला म्हणाला. "हितला फ्यूज बी वाऱ्यात उडालाय. तुमी तिकडनं सोडली तरी आमच्याकडं येणारच न्हाई. म्हणलं जाता जाता बांधून घ्यावं, तिकडं तात्याची हवा..."

तो धारूरला निघालाच होता. वाटेत डीपीपाशी त्याला दिसलं, की इथला फ्यूजही उडालेला आहे, लाईन जोडली तरी मशीन चालू होणार नाही. तार-पक्कड मिळवून तो वडिलांसाठीच चढला होता. त्याचा हिशेब अगदी बरोबर होता आणि त्याला मारायला पुरेसा होता.

त्याला खाली उतरवलं. बाबूभाईंनी त्याच्या कानफटात मारायला हात उचलला आणि तसाच खाली घेतला. त्यानं फ्यूज पक्का बांधला होता, हे मी खालून बघून घेतलं. मग सुनीताला फोन लावला, नाव सांगितलं, परमिट परत केलं. डीपीनं हुंकार दिला. आम्ही तिघंही तिथंच मातीत बसलो.

विलास म्हणाला, "मामा, आईला सांगू नका. ती मरंल."

तात्या त्या दिवशी वाचले. मशीन लागलं तेव्हा सिलेंडर पुरता संपलेला होता. ओठ काळेनिळे पडले होते म्हणे. त्यांना अंबाजोगाईला हलवलं, तिथून ते घरी आले, पण नंतर त्यांची तब्येत उतरतच गेली. सोजरबाईंनी मला त्या दिवसानंतर एकही फोन केला नाही. हवा गेली तर त्या विलासला सांगायच्या, विलास मला. बाजारात समोरासमोर आलो तर पदर ओढून बाजूनं निघून जायच्या. लोकांना सांगायच्या, "काम झालेलं व्हतं, तरी त्यानं सोडली न्हाई. माझ्या माणसाची छाती तवाच फुटली." हे माझ्या कानावर यायचं. लागायचं. खोटं कशाला बोलू, एकदा मनात आलं होतं, जावं आणि तोंडावर सांगून टाकावं. मग विलासचं तोंड आठवायचं आणि मी गप्प बसायचो.

पुढच्या थंडीत तात्या गेले. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मी गेलो. जावं की न जावं असं झालं होतं, पण नातं होतं. मांडवात वंदना झाली, भाऊबंद दोन शब्द बोलले. मग सोजरबाई कोपऱ्यातून उठल्या आणि सगळ्यांदेखत माझ्यापुढं येऊन उभ्या राहिल्या.

"भाऊ, आज आलाव. त्या दिवशी कावून न्हाई सोडली? म्या तुमच्या पाया पडत व्हते. म्या सांगितलं व्हतं ना, डीपीवर कोण न्हाई म्हणून?"

मी खाली मान घातली. विलास माझ्या शेजारीच बसला होता. त्यानं उठायची हालचाल केली, तसं मी त्याचं मनगट धरलं. त्यानं ते सोडवून घेतलं.

"आई," तो म्हणाला, "डीपीवर मी व्हतो."

सोजरबाईंना आधी समजलंच नाही. त्या त्याच्याकडं बघत राहिल्या, मग माझ्याकडं. मी मान हलवली. त्यांचे ओठ हलले. त्या दिवशीचे आपले शब्द त्या पुन्हा म्हणून बघत होत्या की काय, कोण जाणे. मग त्या विलाससमोर खाली बसल्या आणि त्याच्या पाठीत अशी थाप घातली, की मांडवातली लहान लेकरं दचकली. मागोमाग दुसरी. तिसऱ्यांदा उचललेला हात त्यांनी त्याच्या पाठीवर ठेवला, तो तिथंच राहिला. पंगत बसली, उठली, माणसं एकेक करून निरोप घ्यायला आली, तरी त्यांनी तो काढला नाही.